चौथ्या चेंडूवर थांबलेला खेळ

जुन्या पिनबॉल मशीनला वीज नसली तरी सगळं आठवत असतं. गुण दाखवणारी चाकं ज्या आकड्यावर थांबली तिथेच राहतात. कितवा चेंडू चालू आहे हे मोजणारी चकती त्याच घरात अडकलेली असते. कुठले दिवे खेळाडूने मिळवले आणि कुठले राहिले, हे रिलेंच्या, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचांच्या, खटक्यांत धरून ठेवलेलं असतं. माझ्याकडे आलेलं मशीन असंच एका खेळाच्या मध्यावर बंद पडलेलं होतं. चाकांवर १,२६४ आणि पाचांतला चौथा चेंडू. कुणीतरी, कधीतरी, हा डाव खेळत होतं. मग फ्यूज उडाला असेल, कुणी प्लग काढला असेल. आणि तो अर्धा डाव लोखंडात आणि पितळेत तसाच राहून गेला.

काम सुरू करायचं म्हणजे तो डाव मोडणं आलं. चाकं साफ करायची तर ती फिरवावी लागणार, चकती उघडायची तर तिची जागा बदलणार. मी आधी सगळ्याचे फोटो काढले. उघडलेला भाग परत त्याच स्थितीत बसवायचा तर फोटोसारखा आधार नाही. त्या आकड्याचा फोटो मात्र मी निव्वळ त्या अनोळखी खेळाडूसाठी काढला.

मशीन १९६० च्या दशकातलं, एका खेळाडूचं, शिकागोत बनलेलं. आत ना ट्रान्झिस्टर, ना चिप. पिनबॉलमध्ये मायक्रोप्रोसेसर रुळले ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधीची मशीनं सगळा हिशेब रिले, कॅम (फिरताना पात्या ढकलणाऱ्या उंचवट्यांच्या चकत्या) आणि संपर्क जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पितळी पात्यांच्या जोरावर करत. त्यांना इलेक्ट्रो-मेकॅनिकल म्हणतात. या छंदातली माणसं नुसतं ‘ईएम’ म्हणून मोकळी होतात. मला मुद्दाम याच काळातलं मशीन हवं होतं, कारण त्यात कारण आणि परिणाम दोन्ही डोळ्यांनी दिसतात. चेंडू एका पातीला लागला, पाती मिटली, रिलेने लोखंडी पट्टी ओढली, पट्टीने दुसऱ्या पात्या मिटवल्या, चाक एक घर सरकलं, घंटा वाजली. साखळीतली प्रत्येक कडी बोटाने हलवून बघता येते.

हे मला नीट समजावलं ते एका मैत्रिणीच्या वडिलांनी. काकांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. मी प्लेफील्ड, म्हणजे चेंडू ज्यावर फिरतो तो लाकडी पट, उचलून उभं केलं, तेव्हा खालच्या रिलेंच्या रांगा बघून ते म्हणाले, “अगं, हे तर आमचंच एक्स्चेंज की!” आणि ते खरंच होतं. अमेरिकेत ऑल्मन स्ट्राउजर याला ज्या स्वयंचलित टेलिफोन स्विचचं पेटंट १८९१ मध्ये मिळालं, त्यात ठोका मिळाला की एक भुजा एक घर पुढे सरकते आणि नव्या संपर्कावर टेकते. पिनबॉलमधला स्टेपर हेच करतो. बेकलाइटच्या चकतीवर गोलाकार बसवलेले रिव्हेट, त्यांच्यावरून घासत जाणारी धातूची बोटं, कडेला दातेरी चाक आणि ते एकेक दाता ढकलणारी कॉईल. तिकडे आकडा फिरवून माणूस जोडला जायचा, इकडे गुण.

काकांनी दोनच गोष्टी बजावल्या. “चकाकतंय म्हणजे स्वच्छ आहे असं समजू नकोस, मीटर लाव. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. बदललीस की लिहून ठेव.” पुढच्या सगळ्या कामात याहून उपयोगी काही मला कुणी सांगितलं नाही.

मशीनची अवस्था वाईट होती. दमट जागेत वर्षानुवर्षं पडून पायांना गंज चढला होता. पेटीत उंदरांनी संसार केला होता आणि कापडी आवरणाच्या काही तारा कुरतडल्या होत्या. रबराच्या रिंगा इतक्या वाळल्या होत्या की बोट लावताच तुकडे पडत. समोरच्या उभ्या चित्रकाचेचे पोपडे सुटले होते. पण मला जास्त काळजी वाटली ती आधीच्या दुरुस्त्यांची. ज्या जागी कमी अँपिअरचा फ्यूज हवा तिथे दुप्पट ताकदीचा बसवलेला. एका पातीला चिकाटीने वाकवून वाकवून तिचा जीव काढलेला. एका रिलेचा संपर्क बिघडला म्हणून दोन टोकं सरळ तारेने जोडून टाकलेली. अर्थात त्या मेकॅनिकची बाजूही मला दिसत होती. मशीन बंद म्हणजे कमाई बंद. त्याला आजची रात्र निभावायची होती. पेटीच्या आतल्या लाकडावर पेन्सिलने लिहिलेल्या तारखा आणि हिशेबाचे आकडे सापडले. ते मी पुसलेले नाहीत.

बनवणाऱ्यांनी हे मशीन इतकी वर्षं टिकावं म्हणून बनवलंच नव्हतं. काही हंगाम नाणी गोळा करावीत, मग नवं चित्र आणि नवी मांडणी घेऊन दुसरं मशीन त्या जागी यावं, असा तो धंदा. तरीही ते आज दुरुस्त होतं, कारण त्याच्या पोटात झाकून ठेवलेलं काही नाही. प्रत्येक तारेला रंग आहे, त्या रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ आहे, आणि ती रंगसंगती सर्किटच्या नकाशावर लिहिलेली आहे. तारांचे जुडगे दोऱ्याने गाठी मारून बांधलेले आहेत. माणसांच्या हातांनी, रोजच्या रोज, एकामागून एक. त्या गाठी सोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही आणि सुदैवाने गरजही पडली नाही.

असं मशीन हाती आलं की पहिला मोह होतो प्लग लावून बघण्याचा. तो आवरायला हवा. प्लगची जुनी केबल दोन तारांची, तिला अर्थिंग नाही. ती बदलून तीन तारांची घालायची. प्रत्येक फ्यूज काढून त्यावरचा आकडा नकाशाशी जुळवायचा. प्रत्येक कॉईलचा रोध मोजायचा, कारण आतून शॉर्ट झालेली एखादी कॉईल नवा फ्यूज तर उडवतेच, वर तिच्या पात्याही जाळते. एक रिले चिकटून बसलेला असेल तर वीज येताच एखादी कॉईल सतत ओढत राहते आणि थोड्याच वेळात धुराचा वास येतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते: कुठेही तेल मारू नका. गंजावर फवारायचं तेल तर मुळीच नको. या पात्यांवर ठिणग्या पडतात आणि ती तेलं पेट घेणारी असतात. शिवाय तेल धूळ धरतं. पेटीतला जवळजवळ प्रत्येक हलणारा भाग कोरडा चालण्यासाठीच बनवलेला आहे.

स्टेपर साफ करण्यात माझा बराच वेळ गेला. कारखान्यात लावलेलं ग्रीस सुकून तपकिरी मेण झालं होतं. त्यामुळे कॉईलचा ठोका बसे, पण चकती हलत नसे. आणि हलली तर स्प्रिंगने मागे येत नसे. एकेक युनिट सोडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, रिव्हेट अगदी बारीक घासणीने उजळायचे, बोटांचा दाब सारखा करायचा. बोटं रिव्हेटच्या मधोमध टेकतात की कडेला, यावर सगळं अवलंबून असतं. कडेला टेकली तर मशीन शेजारचा दिवा लावतं, किंवा एकाच वेळी दोन. मग खेळाडूला वाटतं आपण काहीतरी मिळवलं, आणि प्रत्यक्षात काहीच मिळालेलं नसतं.

इथे मला या सगळ्या खटाटोपात काय हवं होतं ते सांगायला हवं. या छंदात खूप देखणी कामं करणारी माणसं आहेत. प्लेफील्ड नव्याने रंगवून त्यावर पारदर्शक लेप चढवतात, पेटीवरची नक्षी साचे कापून पुन्हा उठवतात, क्रोम नवं करून घेतात. त्यांच्या हातांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या लेखी मशीन तेव्हा दुरुस्त झालं, जेव्हा एकाच कृतीला ते प्रत्येक वेळी एकच उत्तर देतं. तोच प्लंजर, म्हणजे चेंडू मारायचा स्प्रिंगचा दांडा, तितकाच ओढला तर चेंडू त्याच वाटेने गेला पाहिजे. चेंडू लक्ष्याला लागला तर गुण मिळालेच पाहिजेत. नाही लागला तर मिळता कामा नयेत. रंग उडालेला चालेल, खोटेपणा चालणार नाही.

हा हट्ट माझ्या एकटीचा नाही. या खेळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वाद याच मुद्द्यावर झाला होता: हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? नशिबाचा असेल तर तो जुगार. १९४२ मध्ये न्यू यॉर्कमध्ये बंदी आली आणि महापौर ला गार्डिया यांनी घण घेऊन मशीनं फोडतानाचे फोटो काढून घेतले. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती आणि ज्या शिकागोत ही मशीनं बनत, त्या शिकागोतही. माझं मशीन कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा न्यू यॉर्कमध्ये ते सार्वजनिक जागी ठेवणं बेकायदा होतं. तिथली बंदी उठली १९७६ मध्ये. नगर परिषदेसमोर रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने मशीनवर खेळून दाखवलं. प्लंजर ओढण्याआधी त्याने सांगितलं की चेंडू वरच्या मधल्या वाटेने खाली येईल, आणि तो तिथूनच आला. त्या एका फटक्यात नशिबाचाही हात होता हे शार्प यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. मला मात्र त्या प्रसंगात नेहमी प्लंजर दिसतो. त्याची स्प्रिंग थकलेली असती, टोकाचं रबर झिजून तिरकं झालं असतं, मशीन एका बाजूला कललेलं असतं, तर कुठल्याही खेळाडूला वाट सांगून चेंडू मारता आला नसता.

म्हणून माझा प्लंजर मी खास वेळ देऊन केला. स्प्रिंगने चेंडू मारायची ही सोय पिनबॉलपेक्षा जुनी आहे. सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी बागाटेल या खेळात सुधारणा करून १८७१ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. रॉड घासून सरळ केला, स्प्रिंग बदलली, टोक नवं बसवलं. तरी चेंडू एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे जाई. शेवटी कळलं की दोष प्लंजरचा नाहीच. चेंडू जिथे टेकतो तिथलं लाकूड असंख्य ठोक्यांनी खोलगट झालं होतं आणि चेंडू मधोमध न बसता एका अंगाला विसावत होता. तेवढा खड्डा लाकडाच्या पुट्टीने भरून घासून घेतला, तेव्हा कुठे फटका सरळ लागू लागला.

आता रिसेटबद्दल. माझ्या मते ईएम मशीनचा हा सगळ्यात सुंदर भाग आहे. खेळ सुरू करायचं बटण दाबलं की पेटीत खडखडाट होतो. स्कोर मोटर नावाची एक लहानशी मोटर फिरते, तिच्या दांड्यावरचे कॅम ठराविक अंतराने पात्या उघडतात आणि मिटवतात, आणि त्यातून ठोके निघतात. जे चाक शून्यावर नाही, ते प्रत्येक ठोक्याला एक घर सरकतं. शून्यावर आलं की त्याच्या मागची पाती उघडते आणि त्या चाकाचे ठोके बंद होतात. सगळी चाकं शून्यावर आली की रिसेट रिले सुटतो, मोटर थांबते आणि चेंडू खेळायला मिळतो. म्हणजे एकही चाक अडलं तर मोटर थांबतच नाही.

माझी थांबत नव्हती. शतकाचं चाक ७ वर अडून बसायचं. ते उघडून साफ केल्यावर मुकाट्याने शून्यावर येऊ लागलं. मोटर तरीही फिरतच राहिली. सगळी चाकं शून्यावर, दिसायला सगळं ठीक, आणि आत अखंड घरघर. मी नकाशा पसरला. तो पसरला की अख्खं टेबल व्यापतो. रिसेट रिलेला कोण कोण धरून ठेवतं याच्या रेघा एकेक करून बोटाने मागे नेल्या. प्रत्येक चाकामागे एक नाही, दोन पात्यांच्या जोड्या होत्या. एक ठोके द्यायची, दुसरी रिसेट रिलेला ‘अजून नाही’ असं सांगायची. दशकाच्या चाकावर पहिली उघडत होती. दुसरी उघडल्यासारखी वाटत होती, पण दोन पात्यांमधली इन्सुलेशनची चकती झिजल्यामुळे केसाएवढी टेकलेली राहत होती. डोळ्यांना ती फट दिसतही होती. मीटरने सांगितलं की नाही आहे. काकांचं वाक्य मी तेव्हा मोठ्याने म्हटलं.

पाती सरळ केली, बटण दाबलं, खडखडाट झाला आणि थांबला. लगेच चेंडू बाहेर आला. तो थांबण्याचा क्षण मी किती वेळा पुन्हापुन्हा ऐकला, त्याची गणती नाही.

गुण मोजण्याची रीतही अशीच देखणी आहे. एखादं लक्ष्य पन्नास गुणांचं असेल तर चेंडूचा स्पर्श होतो क्षणभर, पण ठोके पाच हवेत. म्हणून तो स्पर्श एका रिलेला ओढतो, रिले स्वतःच्याच पातीने स्वतःला धरून ठेवतो, मोटरला चालू करतो, मोटर पाच ठोके मोजून देते आणि मग रिलेला सोडते. पाच ठोके, पाच घंटा. चाक ९ वर असताना त्याच्या मागची आणखी एक पाती मिटलेली असते. पुढचा ठोका आला की तो शेजारच्या चाकालाही मिळतो. शाळेत बेरीज करताना घेतो तो हातचा इथे पितळेची पाती घेते. यात काही चुकलं तर ऐकूच येतं. पन्नास गुणांना चार घंटा वाजल्या की मी खेळ थांबवते.

फ्लिपरशिवाय, म्हणजे बटण दाबून चेंडू परत वर मारणाऱ्या छोट्या हातांशिवाय, पिनबॉलची कल्पनाही आता करवत नाही, पण १९३१ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘बॅफल बॉल’ने जेव्हा हा खेळ घरोघरी माहीत केला तेव्हा फ्लिपर नव्हते. चेंडू सोडायचा आणि मशीनला अंगाने ढकलत बसायचं. फ्लिपर आले १९४७ मध्ये, गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’वर, हॅरी मॅब्ज यांच्या कल्पनेतून. दोन्ही कडांना तीन-तीन, मिळून सहा. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी खाली दोनच फ्लिपर ठेवले, आणि ती मांडणी आजपर्यंत टिकली.

फ्लिपरच्या कॉईलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं एक, झटका देणारं. बारीक तारेचं दुसरं, नुसतं धरून ठेवणारं. फ्लिपर खाली असताना एक मिटलेली पाती बारीक वेटोळ्याला वगळते, त्यामुळे बटण दाबताच सगळा प्रवाह जाड तारेतून जातो आणि फ्लिपर जोरात उसळतो. वर पोहोचताच तो त्याच पातीला ढकलून उघडतो. मग प्रवाहाला दोन्ही वेटोळ्यांतून जावं लागतं, तो एकदम कमी होतो आणि बटण धरून ठेवलं तरी कॉईल तापत नाही. पाती उघडली नाही तर कॉईल जळते. पाती मळलेली असेल तर फ्लिपर लुळा पडतो. माझा उजवा फ्लिपर लुळा होता आणि डावा जळण्याच्या बेतात होता. दोन्हींच्या कॉईलमधली जुनी नळी काढून नायलॉनची घातली, ठोके खाऊन टोकाशी पसरलेले कॉईलमधले लोखंडी दांडे बदलले, झिजलेले दुवे नवे घातले. या पातीचे पॉइंट टंगस्टनचे असतात, त्यांना कानस चालते. बाकीच्या नाजूक चांदीच्या पॉइंटना मात्र कानस लावू नये. त्यांच्यावरून बारीक घर्षणाची पट्टी हलकेच ओढायची, इतकंच.

पात्या लावणं हेच या छंदाचं खरं शिक्षण आहे. दोन पॉइंटमध्ये किती फट ठेवायची, मिटल्यावर एकमेकांवर किती घासले जावेत, हे कागदावर वाचून येत नाही. नुसते टेकले तर काही दिवसांत मळ साठतो आणि संपर्क जातो. टेकून थोडे पुढे सरकले तर ते स्वतःच स्वतःला साफ ठेवतात. पाती वाकवायची ती मुळाशी, मधे नाही. मधे वाकवलेली पाती पुन्हा कधी सरळ होत नाही. शेकड्यांनी पात्या आहेत. संध्याकाळी दिवा जवळ घेऊन, एका हातात वाकवायचं हत्यार धरून त्यांच्यापुढे बसणं मला मनापासून आवडतं.

प्लेफील्डवर काळा थर होता. चेंडूच्या घर्षणाची, कॉईलची, वाळलेल्या रबराची ती धूळ. हलक्या हाताने, थोड्या थोड्या भागावर पॉलिश फिरवून ती काढली आणि खालून रंग वर आला. फिकट निळा, मोहरीचा पिवळा, एक लाल जो आजच्या छपाईत दिसत नाही. बंपरच्या, म्हणजे चेंडूला उसळवणाऱ्या गोल खांबांच्या, भोवती आणि मधल्या लक्ष्यासमोर मात्र रंग संपून लाकूड उघडं पडलं होतं. तिथे मी रंग भरला नाही. चेंडू सगळ्यात जास्त कुठे गेले हे ते लाकूड सांगतं. पण दिव्यांवरच्या प्लास्टिकच्या चकत्या जिथे पृष्ठभागाच्या वर आल्या होत्या, तिथे मात्र गरम हवा देऊन, दाबून त्या सपाट केल्या, कारण त्यांच्या कडेवरून चेंडू वाट बदलत होता. वर मेण घासलं. चेंडू नवा घातला. सुमारे २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू. जुन्यावर खड्डे पडले होते आणि असा चेंडू प्रत्येक फेरीत लाकडाचा थोडा रंग खातो.

चित्रकाचेवर मात्र मी फार काही करू शकले नाही. ती काच मागून छापलेली असते, उलट्या क्रमाने: आधी काळ्या रेषा, मग रंग, शेवटी उजेड अडवणारा थर. मागच्या दिव्यांची ऊब आणि दमट हवा यांनी तो थर काचेपासून सुटतो. सुटलेला पोपडा पुसायला गेलं की निघूनच जातो. मी पाणी लावलं नाही, फडकं लावलं नाही. उरलेला रंग जागेवर राहावा म्हणून मागून पारदर्शक थर फवारला आणि सगळीकडचे ४४ नंबरचे दिवे काढून ४७ नंबरचे घातले. ते कमी प्रवाह घेतात, कमी तापतात. चित्रातल्या एका बाईचा अर्धा हात गेलेला आहे, तो गेलेलाच राहील. असली चित्रं काढणाऱ्यांची नावं खेळणाऱ्यांना सहसा माहीतही नसायची. गॉटलिबच्या असंख्य मशीनांवर रॉय पार्कर यांची चित्रं आहेत आणि त्या काळच्या किती खेळाडूंनी ते नाव ऐकलं असेल, अशी शंका येते. त्या अर्ध्या हातावर माझा हात फिरवायचं मला धाडस नव्हतं.

मशीन उभं करताना पायांचे स्क्रू फिरवून उतार साडेतीन अंशांच्या आसपास आणला. नव्या मशीनांचा उतार याहून बराच जास्त असतो, आणि काहीजण जुन्यांनाही तसा देतात, म्हणजे खेळ वेगवान होतो. मला ते पटत नाही. या मशीनचे फ्लिपर लहान, दोन इंची आहेत आणि त्यांची ताकद त्या संथ उताराला धरून ठरवलेली आहे. संथ चेंडूला थोडं थांबून, अंदाज घेऊन मारता येतं. बंपरमध्ये तो अडकून इकडून तिकडे ठोकरला जातो तेव्हा आपण घंटा मोजू शकतो.

राहता राहिला टिल्ट. खेळाडूने मशीनला किती धक्के द्यावेत याला मर्यादा हवी म्हणून हॅरी विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात टिल्ट आणला. पेटीच्या आत एक ओळंबा लोंबतो, त्याच्याभोवती धातूची कडी. मशीन जोरात हललं की ओळंबा कडीला टेकतो, सर्किट पूर्ण होतं आणि चेंडू मेला. शेजारी एका उतारावर एक छोटी गोळी ठेवलेली असते. पुढचे पाय उचलून उतार कमी करायला गेलात तर ती घरंगळत जाऊन तेच काम करते. ओळंबा वर-खाली सरकवून किती कडक वागायचं ते मालकाने ठरवायचं. माझ्याकडे आलं तेव्हा कुणीतरी ओळंबाच काढून टाकला होता, त्यामुळे हवं तसं ढकला, मशीन काही म्हणायचं नाही.

मी नवा बसवला आणि बऱ्यापैकी कडक ठेवला. हलका धक्का तो सोसतो. चेंडू बाहेरच्या वाटेच्या तोंडाशी थरथरत असताना मनगटाने दिलेला छोटासा दणका चालतो, तो खेळाचाच भाग आहे. दोन्ही हातांनी ढकललं तर तो चेंडू गेला. येणारे मित्र तक्रार करतात आणि ओळंबा थोडा वर घे म्हणतात. परवा काका आले, पहिल्याच चेंडूला टिल्ट केला, पेटीखाली वाकून ओळंब्याकडे बघितलं आणि म्हणाले, “बरोबर लावलायस. राहू दे.” मग त्यांनी दुसरा चेंडू मारला.